मदत हवी आहे: सायकलच्या सीटखाली बसणारी लहान पिशवी (पंक्चरच्या सामानासाठी)

चढणीची_वाट | मंगळवार, रात्री १०.१२

रविवारी पहाटे पुण्याहून पाचगणीला सायकलने निघायचंय. सीटखालची पिशवी गेल्या रविवारी खंबाटकी घाटात कामातून गेली. तळाला भोक पडलं होतं, त्यातून एक टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायची पट्टी) वाटेत कुठेतरी पडला, आणि पंक्चर झालं तेव्हा हातात एकच लिव्हर. मागून येणारे दोघं थांबले म्हणून निभावलं.

नवी पिशवी गुरुवारपर्यंत हवी. दोन दिवस ऑनलाइन बघतेय. एकाचं ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘स्मॉल’पेक्षा लहान असतं, त्यामुळे काहीच ठरत नाही. लहान हवी, मांडीला घासायला नको, बजेट हजारापर्यंत. नेमकी कुठली घेऊ तेवढं सांगा, प्लीज.

बंदरकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

सायकल कुठली? टायर केवढा? मागे मडगार्ड आहे का? आणि भोक बाहेरून घासून पडलं की आतल्या हत्यारांनी पाडलं? हे कळल्याशिवाय पिशवी सुचवण्यात अर्थ नाही.

नाना_सोलापूरकर | मंगळवार, रात्री १०.४१

ताई, पिशवीवर पैसे घालवू नका, टायर ट्यूबलेस करून घ्या. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला सराटे आणि बाभळीचे काटे, आधी आठवड्याला दोन पंक्चर ठरलेले. दोन वर्षांपूर्वी ट्यूबलेस केलं. काटा घुसतो, आतलं सीलंट भोक बुजवतं, आपण चालत राहायचं. घरी येऊन टायर बघितला की कळतं किती काटे होते ते.

रात्रपाळी_रायडर | मंगळवार, रात्री १०.५८

नाना, काट्यांपुरतं खरं आहे. पण त्याला रिम आणि टायर दोन्ही तसे लागतात, आणि लांब राइडच्या चार दिवस आधी हा घाट कोणी घालू नये. शिवाय टायरची बाजू काचेने फाटली तर सीलंट बुजवत नाही, तेव्हा शेवटी ट्यूबच घालावी लागते. म्हणजे ट्यूब, लिव्हर, पंप न्यावंच लागतं आणि पिशवी लागतेच.

नाना_सोलापूरकर | मंगळवार, रात्री ११.०५

दोन वर्षांत एकदाही ट्यूब घालावी लागली नाही.

रात्रपाळी_रायडर | मंगळवार, रात्री ११.०९

मला लागली आहे, रात्री दोन वाजता, तीनशे किलोमीटरच्या ब्रेवेत (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब राइड). वीस तासांची मुदत चालू असताना रस्त्याकडेला बसून फाटलेल्या टायरला आतून दुमडलेली दहाची नोट लावली आणि वर ट्यूब घातली. ती नोट आणि ट्यूब पिशवीत होती म्हणून राइड पूर्ण झाली.

चढणीची_वाट | बुधवार, सकाळी ६.५०

हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली) आहे, टायर साधेच. ट्यूबलेस आत्ता नको. कृपया पिशवीचं सांगा.

बंदरकाठ | बुधवार, सकाळी ७.१५

साधे म्हणजे किती? टायरच्या बाजूला ७०० गुणिले काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचा. पट्टी घ्या आणि सीटखालच्या दोन सळयांपासून खाली टायरपर्यंत, मडगार्ड असेल तर मडगार्डपर्यंत, किती जागा आहे ती मोजा. चाक क्विक रिलीजवर (हाताने उघडणाऱ्या खटक्यावर) आहे की नटवर? नटवर असेल तर १५ चा पानाही न्यावा लागेल, आणि तो एकटाच अर्धी पिशवी खातो.

हिरवा_माळ | बुधवार, सकाळी ९.२०

सीटखाली काहीच लावू नका. बाटलीच्या स्टँडमध्ये बसणारा झाकणाचा डबा मिळतो, सगळं त्यात. चिखल उडत नाही, मांडीला लागत नाही, सायकल लावताना काढून खिशात टाकता येतो. मी चार वर्षं हेच करतोय.

पाणवठा | बुधवार, सकाळी ९.४४

आणि पाणी कुठे ठेवायचं? सुरूर फाट्यावरून वाईला वळल्यावर पाणी मिळेल, पण वाईनंतर पसरणी घाटाचा सलग चढ आहे. तिथे ऊन डोक्यावर आलं की एक बाटली पुरत नाही. डब्यासाठी बाटलीची जागा देऊ नये.

हिरवा_माळ | बुधवार, सकाळी ९.५१

फ्रेममध्ये स्टँडच्या दोन जागा असतात.

सोनचाफा७ | बुधवार, सकाळी १०.३०

शंभर किलोमीटर बसणार असाल तर पिशवीपेक्षा सीटकडे लक्ष द्या. मऊ जेलचं कव्हर अजिबात लावू नका, लांब अंतरात तेच जास्त दुखवतं. पॅड असलेली शॉर्ट घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, तीन महिने त्रास काढला.

चढणीची_वाट | बुधवार, दुपारी १.२५

डब्याच्या सुट्टीत मोजलं. टायर ७०० गुणिले ३५. क्विक रिलीज आहे. मागे मडगार्ड आहे. सळयांपासून मडगार्डपर्यंत ११ सेंटीमीटर. माझी उंची ४ फूट ११, त्यामुळे फ्रेम सगळ्यात लहान आणि सीटही खाली. फ्रेमवर बाटलीचं एकच स्टँड बसतं, म्हणून डबा बाद.

जुनी पिशवी आत्ता नीट पाहिली. तळाला, मडगार्डच्या कडेवर टेकत होती तिथेच, कापड झिजून गेलंय. म्हणजे बाहेरूनच घासत होती. दुकानात त्यांनी ‘सगळ्या सायकलींना बसते’ म्हणून दिली होती, मीही मोजलं नव्हतं.

रात्रपाळी_रायडर | बुधवार, दुपारी २.४०

मडगार्ड आणि ११ सेंटीमीटर, हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर काल रात्रीच उत्तर मिळालं असतं. आता सांगतो.

किती लिटरची हे तुमच्या बाबतीत गौण आहे, पिशवीची उंची बघा. बहुतेक पिशव्या पाचरीसारख्या असतात, सीटपोस्टकडे (सीटखालच्या नळीकडे) खोल आणि मागे निमुळत्या. उंच माणसाला चालतात, कारण त्याच्याकडे वीस सेंटीमीटर जागा असते. भरलेली पिशवी खड्ड्यात खाली झुकते, पट्टे थोडे सैल पडतात, म्हणून दोन-तीन सेंटीमीटर मोकळी सोडायची. म्हणजे भरल्यावर ८ च्या वर जायला नको. सळयांना आडवी, घट्ट आवळून बसणारी गुंडाळी घ्या. कापड पसरायचं, कप्प्यांत सामान, गुंडाळायचं, वरून एकच रुंद पट्टा. तिला झिप नाही, म्हणजे झिप बिघडायची भीतीही नाही.

आधी सामान ठरवा, मग पिशवी. एक ट्यूब, दोन लिव्हर, ४-५-६ मिलिमीटरच्या ॲलन की (षटकोनी चाव्या) असलेला लहान मल्टिटूल, पॅचची डबी, तुमच्या चेनच्या स्पीडची (मागच्या चकत्यांच्या संख्येप्रमाणे) क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, एक नोट. हे सगळं जुन्या मोज्यात भरा, रबर लावा आणि तो मोजा घेऊन दुकानात जा. आत जात नसेल तर ती पिशवी घ्यायची नाही, कितीही आवडली तरी.

ट्यूब खोक्यातून काढा, हवा पूर्ण दाबून काढा, घट्ट गुंडाळून तिच्यासाठी वेगळा मोजा. नुसती मल्टिटूलशेजारी ठेवली तर महिनोन्महिने हादरे बसून तिलाच भोक पडतं. असं पंक्चर ऐन रस्त्यात नवी ट्यूब भरताना कळतं, तेव्हा रडू येतं.

बंदरकाठ | बुधवार, दुपारी ३.०५

अगदी. आणि रबर सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की काही महिन्यांत आतच सुकते, ती दाबून बघा. पावसाळ्यात गुंडाळीच्या आत प्लास्टिकची पिशवी घाला, नाहीतर मल्टिटूल गंजून जाम होतो. मागचा लाल दिवा पिशवीने झाकला जात नाही ना, तेही बघा. महामार्गावर जाणार आहात.

वेगवान_वारा | बुधवार, दुपारी ४.१८

पंपाऐवजी सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड वायूचं) १६ ग्रॅमचं सिलिंडर ठेवा. अंगठ्याएवढं असतं, दोन सेकंदांत हवा, जागेचा प्रश्नच मिटला.

रात्रपाळी_रायडर | बुधवार, दुपारी ४.३१

एक सिलिंडर म्हणजे एकच संधी. व्हॉल्व्हवर नीट बसलं नाही तर सगळा गॅस बाहेर. दुसरं पंक्चर झालं तर हात रिकामे. तो वायू रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा भरावी लागते. पहिल्या मोठ्या राइडला पंपच हवा. बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूवर पंपाची क्लिप बसते, म्हणजे पिशवीत जागा लागत नाही.

वेगवान_वारा | बुधवार, दुपारी ४.४०

मी दोन ठेवतो. वजन बघा ना.

पाणवठा | बुधवार, संध्याकाळी ६.०२

ताई, एक राहिलं. तुमच्या चाकाला व्हॉल्व्ह कुठला? मोटारसायकलसारखा जाड की वर छोटा नट असलेला बारीक प्रेस्टा? जवळची ट्यूब त्याच प्रकारची आहे ना? आणि पंक्चर झाल्यावर टायरमध्ये नुसतं बोट फिरवू नका, कापड फिरवा. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या आत रुतून बसतात. तार काढली नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

चढणीची_वाट | गुरुवार, रात्री ९.३५

सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः पाणवठा, तुमचे.

तुमचं वाचून जुन्या पिशवीतली ट्यूब काढून पाहिली. दुकानदाराने सायकलबरोबर दिली होती, वर्षभर तशीच होती. जाड व्हॉल्व्हची निघाली! माझ्या रिमला बारीक भोक आहे, त्यातून ती जातच नाही. गेल्या रविवारी मी ती उघडलीही नव्हती, त्या दोघांनी माझ्याच ट्यूबला पॅच लावून दिला होता. ते थांबले नसते तर दोन लिव्हर असूनही मी तिथेच बसले असते. आज प्रेस्टाची, ७०० आणि ३५ ला चालणारी ट्यूब आणली. सोल्यूशनही सुकलेलं होतं, तेही नवीन.

मोजा भरून दुकानात गेले. तिसऱ्या दुकानात साध्या कॅनव्हासची गुंडाळी मिळाली, बजेटमध्ये बसली. भरून आवळल्यावर खाली सव्वातीन सेंटीमीटर मोकळे राहतात. सोसायटीच्या गतिरोधकांवरून वीस फेऱ्या मारल्या, कुठे टेकत नाही, मांडीला लागत नाही. पंप बाटलीशेजारी लावला. दिवा गुंडाळीमागे अर्धा झाकला जात होता, म्हणून सीटपोस्टवरून काढून मडगार्डच्या मागच्या टोकाला बांधला.

उद्या संध्याकाळी घरीच मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव करणार आहे, एकटीने, घड्याळ लावून.

रात्रपाळी_रायडर | गुरुवार, रात्री ९.५०

मागचंच काढा, पुढचं सोपं असतं. काढायच्या आधी चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणा. बसवताना तीच चेन त्याच चकतीवर ठेवायची.

नाना_सोलापूरकर | गुरुवार, रात्री १०.०२

राइड झाल्यावर ट्यूबलेसचा विचार करा, मी सगळं समजावून सांगेन. जपून जा.

कोवळं_ऊन | शुक्रवार, सकाळी ८.१०

धागा छान आहे. मलाही अशीच पिशवी हवी आहे, कुठली घेऊ?

चढणीची_वाट | शुक्रवार, सकाळी ८.२२

सायकल कुठली, टायर केवढा, व्हॉल्व्ह कुठला? आणि सळयांपासून खाली किती जागा आहे ते आधी मोजून इथे लिहा.