‘रुवैसला जाऊ का?’ : तेलगावात राहिलेल्यांचे अनुभव

गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या मुलाचा ऑस्ट्रियाहून फोन आला. तो लिंझला नोकरीला आहे, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. ‘‘मावशी, रुवैसची ऑफर आलीय. जाऊ का?’’ पगाराचा आकडा त्याने न विचारताच सांगून टाकला. मी तीन गोष्टी विचारल्या. घर कंपनीचं आहे का, फॅमिली स्टेटस (म्हणजे बायको-मुलांना नेण्याची सोय) आहे का, आणि बायको दिवसभर काय करणार? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आलं, तिसऱ्याला ‘बघू’. हे ‘बघू’ मी २००३ साली माझ्या नवऱ्याकडून ऐकलेलं आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी : रुवैस अबू धाबी शहरापासून पश्चिमेला साधारण दोनशे चाळीस किलोमीटरवर, समुद्रकाठी आहे. सौदीच्या सीमेकडे जाणारा हमरस्ता शेजारून जातो. जवळच्या जेबेल धन्नाहून डिसेंबर १९६३ मध्ये अबू धाबीच्या जमिनीवरच्या विहिरींचं तेल पहिल्यांदा जहाजात भरलं गेलं. रुवैसचं उद्घाटन शेख झायद यांनी १९८२ मध्ये केलं. एका बाजूला तेलशुद्धीकरण, खत, गॅस, प्लास्टिकचा कच्चा माल असे कारखाने, दुसऱ्या बाजूला त्यात काम करणाऱ्यांची वसाहत. तिला सगळे ‘हाउसिंग’च म्हणतात.

एकटीने सांगितलं तर माझंच रडगाणं होईल, म्हणून तिथे राहून आलेल्या ओळखीच्या मंडळींना लिहायचं आमंत्रण दिलं. नावं घालायची नाहीत असं ठरलं. सुरुवात माझ्यापासून.

मी, पुणे. २००३ ते २०१७

ऑगस्टमध्ये पोचलो. गाडीचं दार उघडून उतरले आणि चष्मा एकदम पांढरा झाला. वाळवंट म्हणजे कोरडं, असं भूगोलात शिकले होते. समुद्रकाठच्या वाळवंटाची दमट हवा त्या धड्यात नव्हती. घरात थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजला. शेजारच्या केरळी बाईने पहिला धडा दिला : उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. त्याची टाकी घरात, एसीत असते, तेव्हा गार पाणी ‘गरम’च्या नळातून घ्यायचं आणि गरम ‘गार’च्या. चौदा वर्षं तसंच केलं. पुण्यात परत आल्यावर पहिला आठवडा उलटेच नळ फिरवत होते.

पहिल्या रात्री खिडकीबाहेर आभाळ नारिंगी दिसलं. मी नवऱ्याला हलवून उठवलं, आग लागलीय म्हणून. तो म्हणाला, ‘‘फ्लेअर आहे, कारखान्यातला जादा गॅस जाळतात तो. झोप. विझला तर उठव.’’

पण मला जड गेलं ते दुसरंच. पासपोर्टवर व्हिसाची जी चिकटपट्टी होती, तिच्यावर व्यवसायाच्या जागी ‘गृहिणी’ छापलेलं होतं. मी बारा वर्षं पॉलिटेक्निकात शिकवलेलं. गृहिणी असण्यात काही कमी आहे असं नाही, पण मला न विचारता ते ठरलं होतं. सकाळी सहाला नवरा जायचा, सातला मुलगा शाळेत. मग रस्त्यावर चिटपाखरू नाही. कारखान्यात शटडाऊन लागला, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्रं बंद केली, की नवरा बारा-बारा तासांच्या पाळीत अडकायचा आणि सगळ्या घरांतल्या बायका एकदमच एकट्या व्हायच्या. आमची मैत्री त्या शटडाऊनमध्ये झाली. चौथ्या वर्षी शाळेत जागा निघाली, तेव्हा कुठे मी माणसात आले.

आणि हो, खसखस. तिकडे ती अमली पदार्थांत मोडते. भारतातून नेताना सापडली तर प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं. दिवाळीत अनारसे तिळावर थापायचे. दिसतात बरे. चवीचं विचारू नका.

इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, चिपळूण. २००६ ते २०१५

ताई, तुमच्या रुवैसला आणि आमच्या रुवैसला मध्ये कुंपण होतं. तुम्ही हाउसिंगमध्ये, आम्ही कॅम्पात. एका खोलीत सहा जण, खाटांवर खाटा. कागदावर मी ‘बॅचलर’. लग्न झालेलं, पोरगी झालेली, तरी बॅचलरच. पगार एका ठरावीक आकड्याच्या वर असल्याशिवाय बायको-पोरांना आणताच येत नाही, म्हणून कुटुंब न आणलेला प्रत्येक पुरुष तिकडे बॅचलर. मुलगी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती सात महिन्यांची होती. मला बघून रडली.

कामाचं सांगतो. इथल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. पहिल्या दिवशी तेच शिकवतात. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. म्हणजे वास गेला याचा अर्थ गॅस गेला असा धरायचा नाही. पहिली नजर कायम वारा दाखवणाऱ्या त्या कापडी पिशवीकडे. गॅस आला तर आधी वाऱ्याला आडवं पळायचं. गावी आलो तरी सुरुवातीला मी देवळाचा झेंडा बघायचो, वारा कुठला आहे म्हणून. बायको हसायची.

श्वासाचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा म्हणून रोज गुळगुळीत दाढी. श्रावण पाळणारे आमच्यातले दोघे पहिल्या वर्षी फार कुरकुरले, मग देवाला समजावलं.

उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद. हा कायदा चांगला आहे आणि मी बघितलं तोवर पाळला जायचा. पण साडेअकरालाही पान्हा हातात धरवत नाही, त्याला कायदा काय करणार?

सुरुवातीला मी एका छोट्या ठेकेदाराकडे होतो. २००८ मध्ये त्याने तीन महिने पगार दिला नाही. घरी खोटं सांगितलं की बँकेचा घोळ आहे. खोलीतल्या एका बांगलादेशी वेल्डरने मला चारशे दिरहम दिले, परत घेताना मोजलेही नाहीत. २००९ पासून पगार बँकेमार्फतच द्यायची पद्धत सरकारने सुरू केली, तोवर मी दुसरीकडे लागलोही होतो.

जेवण मात्र ठीक. मेसचा आचारी केरळचा, हात नारळाचा. आणि सुरमई मिळायची, ‘किंगफिश’ नावाने. कोकणी माणसाला मासा मिळाल्यावर फार तक्रार करता येत नाही.

नऊ वर्षांत चिपळूणला घर झालं. २०२१ च्या पुरात तळमजला छपरापर्यंत बुडाला. वर चढून बसलो होतो तेव्हा पाणी बघताना एकदम कॅम्प आठवला. का ते नाही सांगता येत.

ह्यूस्टनहून आलेला, प्रक्रिया अभियंता. २०१९ पासून तिथेच

थोडक्यात लिहितो. माझं टेक्सासचं लायसन्स सरळ बदलून मिळालं. बायकोकडे फक्त पुण्याचं होतं, तिला पहिल्यापासून शिकायला लावलं. पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या बाईला! लिंझवाल्या भाच्याने युरोपातलं लायसन्स दोघांचंही काढून मगच निघावं.

हिवाळ्यात पहाटे धुकं इतकं दाट असतं की हमरस्त्यावर पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा जवळ गेल्यावर दिसतो. विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्रीच अबू धाबीला जाऊन राहा. २०२० च्या जूनमध्ये कोरोनामुळे अबू धाबी, अल ऐन आणि आमचा अल धफ्रा या तीन भागांतली ये-जाच बंद केली होती. तेव्हा कळलं की आपण अबू धाबीत राहत नाही, आपण रुवैसमध्ये राहतो.

तात्या, माण तालुका. पाहुणे म्हणून, दीड महिना

(हे सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, सुनेने उतरवून घेतलं.)

पोरगं म्हणालं, वाळवंट बघायला या. म्या म्हणलं, माणातल्या माणसाला वाळवंट काय दावतो? पर गेलो. फेब्रुवारी-मार्च व्हता, हवा झ्याक.

रस्त्याच्या कडंला खजुराच्या रांगाच रांगा, आन् परत्येक झाडाच्या बुडाला ठिबकची नळी. मी पोराला इचारलं, धरण कुठं हाय? त्यो म्हणला, धरण न्हाई, नदीबी न्हाई. समुद्राचं पाणी गोड करत्यात. म्या दोन दिस इचार केला. आमच्याकडं टँकरसाठी तहसीलला खेपा, आन् हितं समुद्र उकळून झाडाला घालत्यात. तेल हाय म्हणून चाललंय. तेल सरल्यावर ह्या नळ्यांचं काय, ते कुनी सांगंना.

जमीन म्हणाल तर निस्ती खारपड. वरून कडक, मिठाची पापडी. तिला सबखा म्हणत्यात. पाऊस पडला की गाडी रुतती म्हणं. आमच्या वड्याकाठच्या खारवट रानाची थोरली भन.

मग लिवाला गेलो, वाळूच्या डोंगरात. तिथं मन रमलं. खजुराचं नर झाड येगळं, मादी येगळी. नराचा तुरा कापायचा आन् वर चढून मादीच्या फुलोऱ्यात बांधायचा, हातानं. समदं लगीन मानसानंच लावायचं! चढणारा गडी पाकिस्तानातल्या मुलतानकडचा. त्याला माझी मोडकी हिंदी कळली. त्याच्या गावाकडं आंबा, माझ्या गावाकडं डाळिंब. दोघंबी रोगावर बोलत बसलो. पोरगं गाडीत एसी लावून वाट बघत व्हतं.

पोराच्या घरापुढं मी कढीपत्ता आन् शेवगा लावला. सून म्हणती, अजून हाय.

तिथेच वाढलेली मुलगी, आता हैदराबाद

मी तीन वर्षांची असताना गेले, बारावी करून निघाले. ‘तू मूळची कुठली?’ या प्रश्नाला मी ‘सोलापूर’ म्हणते, कारण आजी तिथे आहे. पण मला सोलापूरच्या बसचा नंबरही माहीत नाही. मला माहीत आहे ते रुवैस. ईदनंतरच्या रात्री मैदानात कोण कुठे बसतं. वाऱ्याने वाळू सुटली की जिभेवर कोणती चव येते. वाळवंटातून गंधक घेऊन येणाऱ्या लांबलचक मालगाड्या. बराकाच्या अणुवीज प्रकल्पामुळे कोरियन कुटुंबं आली, तेव्हा शेजारच्या मुलीने मला कोरियन अक्षरं शिकवली आणि मी तिला देवनागरी.

बाबा निवृत्त झाले तशी किल्ली परत केली आणि व्हिसा रद्द. सोलापूरला वाटलं तर कधीही जाता येतं. रुवैसला जायचं तर कारण लागतं, आणि ‘मी इथे वाढले’ हे कारण कुठल्याच अर्जात नाही. उपग्रहाच्या नकाशावर आमचं घर बघते कधी कधी. छतावर नवी पाण्याची टाकी आलीय.

मावशी, तुम्ही बायकोबद्दल विचारलंत ते बरोबर. मुलीबद्दलही विचारा. चार वर्षांची म्हणजे तिला काही आठवणार नाही असं वाटतं. तेवढ्याच वयात मी गेले होते.

शिफ्ट सुपरवायझर, नागपूर. १९९८ ते २०२०

सगळ्यांचं वाचलं. तुम्ही लोक फार उसासे टाकता. मी बावीस वर्षं राहिलो आणि मजेत राहिलो. घरापासून कामाची जागा वीस मिनिटांवर. मुलं रात्री दहापर्यंत सायकल फिरवत, दाराला कुलूप लावायचं कधी आठवलं नाही. मुंबईत लोकलला लटकून मी किती आयुष्य वाचवलं असतं?

उन्हाचं म्हणाल, तर नागपूरच्या माणसाला त्याचं काय कौतुक! निघताना ग्रॅच्युइटी मिळते : पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार, पुढे तीस दिवसांचा. पेन्शन नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाका. माझ्याबरोबरचे काही जण मोठ्या गाड्यांच्या नादात राहिले आणि साठीत पुन्हा नोकरी शोधत आहेत.

चिपळूणकर म्हणतात ते कुंपण मात्र खरं आहे. बावीस वर्षांत मी कॅम्पात जेवायला एकदाच गेलो, तेही माझ्या टीममधल्या मुलाने आग्रह केला म्हणून. याचं मला आता वाईट वाटतं.

पुन्हा मी

नागपूरकर, उसासे मान्य. आणि चिपळूणच्या भाऊ, खरं सांगते, तुमचा कॅम्प आमच्या शाळेच्या बसच्या वाटेवर असावा. मी चौदा वर्षं काचेतून बघितलेला तो तुमचाच असेल.

हे सगळं मी भाच्याला पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही. मग संध्याकाळी निरोप आला :

‘‘मावशी, हिने तिथल्या शाळेला अर्ज केलाय, जागेचं कळल्यावरच सही करणार. खसखस बॅगेतून काढली. एकच शंका उरलीय. दाढी जाणार ते कळलं, पण मिशीचं काय?’’

हे उत्तर चिपळूणहून आलं : ‘‘मिशी चालते. फक्त मुखवट्याच्या कडेखाली जाता कामा नये. कोल्हापुरी असेल तर कापून या.’’