मदत हवी आहे: पावसाळी मासेमारी बंदीत खाडीत होडी काढली तर चालते का?

दिवाळे_बंदर: 1 जून तोंडावर आलाय. आमची होडी बारकी, खोल समुद्रात जातच नाय, दिवाळे गावाहून खाडीतच फिरते. बंदी आपल्याला लागू का? एक जण म्हणतो लागू, दुसरा म्हणतो मोठ्या बोटींनाच. हो की नाय एवढंच सांगा, भाषण नको.

चेंदणीचा_नाखवा: बंदी 1 जून ते 31 जुलै. पण होडी वल्ह्याची की इंजिनाची? जाळं कसलं? हे कळल्याशिवाय कसं सांगणार?

खारघर_खवय्या: त्या दोन महिन्यांत बेलापूरला ताजं पापलेट कुठे मिळेल? बर्फातलं नको.

करंजा_रामपण: नियम सगळे बारक्यांनाच. एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांना कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीत 5 ते 20 लाख दंड लिहिलाय, तरी रात्री समुद्रात दिवाळी असते. आधी ते बंद करा, मग आमच्या होड्या मोजा.

चेंदणीचा_नाखवा: नाना, पोरगा एलईडी विचारत नाय. धागा नका भरकटवू.

दिवाळे_बंदर: लाकडी होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. त्यात काय सांगायचं, सगळ्यांच्याच असतं! खाडीतलं वगळीचं जाळं, कधी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं.

चेंदणीचा_नाखवा: सगळा फरक तिथंच आहे बाळा. सूट आहे ती बिगर-यांत्रिकी पारंपरिक होड्यांना. इंजिन लागलं की सूट गेली. जप्त झाली तर होडी आणि मासळी दोन्ही जातात, दंड वेगळा. शिवाय बंदीत इंजिनाच्या होडीला अपघात झाला तर भरपाईही नाय, आणि जूनचा वारा तुला मी काय सांगू.

ऐरोली_पाणथळ: मी मच्छीमार नाही, पण सांगतो. बंदी मासळीच्या विणीसाठीही आहे, आणि जिताडा, बोयटं यांची पिल्लं तिवरांच्या आडोशालाच वाढतात. ऐरोली आणि वाशी पुलांमधला पश्चिमेकडचा भाग तर 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

करंजा_रामपण: वा साहेब! पिल्लं मारतं ते कारखान्याचं काळं पाणी. आमचं पाग नव्हे.

ऐरोली_पाणथळ: पाणी वाईट आहे, मान्य. म्हणून बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं चांगलं होत नाही. 2023 मध्ये माशांच्या 54 जातींना पकडायचा किमान आकार ठरलाय, पापलेट 135 मिमी, बोंबील 180. बाजारात बघा, तळहातावर मावतील अशी पापलेटं ढिगाने विकतात.

खारघर_खवय्या: हां, ती स्वस्त मिळतात.

दिवाळे_बंदर: आकार नंतर बघू. इंजिन उतरवून वल्ही मारत गेलो तर?

सातपाटी_ताई: भाऊ, नोंदणीपुस्तकात काय लिहिलंय ते बघ. कागदावर यांत्रिक असेल तर इंजिन घरी ठेवून अधिकाऱ्याला काय दाखवणार? वल्ह्याची होडी म्हणून नोंद बदलायची असेल तर तसा अर्ज कर. परवाना कोणाच्या नावावर आहे?

दिवाळे_बंदर: काकांच्या. ते वारले.

चेंदणीचा_नाखवा: हे आधी सांगायचं! मग जूनचं सोड. नाव बदलून घे, वारसाचे कागद आणि मच्छीमार सोसायटीचं पत्र लागेल. मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात उद्याच जा. दंडाचा निर्णयही आता तेच देतात, तहसीलदार नाही.

करंजा_रामपण: बंदी उठायचा 1 ऑगस्ट सरकारचा. आमची होडी नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय हलत नाय.

दिवाळे_बंदर: सोसायटीचं पत्र किती दिवसांत मिळतं? सेक्रेटरी फोन उचलत नाय.