पायथन बदललं, टर्मिनल गेलं : फॉरमॅट नको

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती बदलल्यावर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडेना, तर कॉम्प्युटर फॉरमॅट मारा, हा सल्ला टोकाचा आहे. उबुंटू २०.०४ या लिनक्स सिस्टिममध्ये तिथलं नेहमीचं ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल मुळात पायथन स्क्रिप्ट आहे आणि तिला लागणारं 'जीआय' मॉड्यूल (जोड-कोड) पायथन ३.८ साठीच बांधलेलं असतं. 'पायथन३' या नावाची लिंक (कोणती आवृत्ती चालवायची ते दाखवणारी) ३.९ कडे वळवली की आयकॉनवर कितीही क्लिक करा, खिडकी उघडत नाही, एररही दिसत नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर लॉगिन करा आणि यूएसआर-बिन (/usr/bin) फोल्डरमधली तीच लिंक सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी कमांड) वापरून परत ३.८ वर न्या. रीबूटही लागत नाही.

पायथन३ पॅकेजच उडवलं असेल तर मात्र डेस्कटॉपही सोबत गेलेला असतो. पॅकेजेस टाकणारं ॲप्ट पायथनमध्ये नाही, सी++ मध्ये लिहिलेलं, त्यामुळे ते चालतं. त्यानेच 'उबुंटू-डेस्कटॉप' हे पॅकेज परत टाका. वायफाय बंद असू शकतं, लॅनची केबल हाताशी ठेवा.