जुलैचा तो एक आठवडा

प्रेषक: वोकिंगहॅमकर
विषय: इयर १२, वर्क एक्सपिरियन्ससाठी जागा हवी आहे

नमस्कार मंडळी,

संक्रांतीला काही जणींशी बोलले होते, पण तिळगूळ वाटता वाटता विषय अर्धाच राहिला, म्हणून इथे मंडळाच्या मेलिंग लिस्टवर लिहिते. मुलगा इयर १२ला, म्हणजे आपल्या अकरावीला आहे. मॅथ्स, फिजिक्स, जिऑग्रफी. शाळेने जुलैमधला एक आठवडा वर्क एक्सपिरियन्ससाठी मोकळा ठेवलाय, पण जागा ज्याची त्याने शोधायची आणि ईस्टरच्या आत फॉर्म द्यायचा. करिअर्स ॲडव्हायझर बाई चांगल्या आहेत, मुलाशी नीट बसून बोलल्या. पण एवढ्या मुलांना जागा त्या तरी कुठून आणणार?

ह्यांच्या ऑफिसात १८च्या खालच्यांना दारातून आत घेत नाहीत. मी शाळेत डिनर लेडी. माझ्याबरोबर येऊन तो काय वाटाणे वाढणार? त्याने स्वतः अकरा ठिकाणी मेल टाकले. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. वर्गात ज्यांचे आईवडील सॉलिसिटर किंवा डॉक्टर आहेत त्यांचं नाताळातच ठरलं. भारतात आपण ‘वशिला’ म्हणून नाकं मुरडायचो, इथे इंग्लंडमध्ये त्यालाच नेटवर्क म्हणतात.

कुणाकडे जागा असेल तर सांगा. काहीही चालेल.

---

प्रेषक: ब्रॅक्नेलकर

वहिनी, ते ‘काहीही चालेल’ आधी काढून टाका. काहीही चालेल म्हटलं की लोक आयटीच देतात, आणि आयटीत बघण्यासारखं काय असतं? एक माणूस स्क्रीनकडे बघतोय आणि त्याच्याकडे तुमचा मुलगा बघतोय.

गेल्या वर्षी मित्राच्या मुलीला मी एका ठिकाणी चिकटवलं. नाव सांगत नाही. तिचा लॅपटॉप गुरुवारी आला. तोवर तिने फायर सेफ्टीचे व्हिडिओ पाहिले. शुक्रवारी कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली देऊन निरोप. पोरगी गुणाची, तक्रार केली नाही. मलाच तिच्या बाबांसमोर जायची लाज वाटली.

त्याला काय आवडतं ते त्यालाच लिहू दे.

---

प्रेषक: स्लाउकर (दवाखान्यातून, दोन पेशंटच्या मध्ये)

वहिनींच्या मेलनंतर मला लिस्टबाहेर चार निरोप आले. सगळ्यांचा मजकूर एकच: मुलीला मेडिसिनला जायचंय, तुमच्या प्रॅक्टिसमध्ये आठवडाभर बसवाल का? एकदाच सगळ्यांना उत्तर देते.

नाही बसवू शकत, आणि कारण कामाचा ताण हे नाही. आपल्या मंडळातली कितीतरी घरं माझ्याच प्रॅक्टिसला रजिस्टर आहेत. तुमची मुलगी कोपऱ्यात बसलेली, आणि दार उघडून गणपतीत तिच्याबरोबर लेझीम खेळणारी काकू आत येते. ती काकू आपलं दुखणं सांगेल का? पेशंटला आधी विचारतात, हे खरं. पण ओळखीच्या पोरीसमोर ‘ती नको’ म्हणायची हिंमत आपल्यात कुणाला आहे? म्हणून ओळखीतली मुलं मी घेत नाही. मुलांनी आपल्या गावापासून दोन गावं पलीकडच्या प्रॅक्टिसला विचारावं. तिथे नकार आला तरी तो साधा नकार असतो.

आता खरी गोष्ट. मेडिकल स्कूलला तुम्ही सर्जनच्या मागे उभे राहिलात याचं फार कौतुक नसतं. माणसांची काळजी घेण्याचं काम कसं असतं हे तुम्ही पाहिलंत का, आणि त्यातून तुम्हाला काय कळलं, हे ते विचारतात. केअर होममध्ये सहा महिने दर शनिवारी जाऊन आजोबांना चहा देणारी, तेच वाक्य विसाव्यांदा ऐकणारी मुलगी मुलाखतीत जे बोलते, ते आठवडाभर पांढऱ्या कोटांमागे फिरलेल्याला सुचत नाही. जीपींच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, रॉयल कॉलेजचं ‘ऑब्झर्व्ह जीपी’ हे त्यांचं काम दाखवणारं ऑनलाइन प्रशिक्षण आहे, १६ वर्षांवरच्या मुलांसाठी, फुकट. ते करा. आणि करताना वही ठेवा. रोज चार ओळी. काय पाहिलं हे दोन ओळींत, काय खटकलं हे दोन ओळींत.

वहीचं का सांगते? २०२६च्या प्रवेशापासून यूकॅसचं (युनिव्हर्सिटीचे अर्ज जिथून जातात ते) पर्सनल स्टेटमेंट सलग निबंध राहिलेलं नाही, तीन प्रश्न झालेत. हा कोर्स का, अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० कॅरेक्टर्स, प्रत्येकाला किमान ३५०. तिसऱ्या प्रश्नावर वही नसलेली मुलं कोरडी पडतात. मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्यांसारखी जानेवारी नाही. दिवाळीच्या सुट्टीत भारतात जाऊन लिहू, असं म्हणणारं एक तरी घर मला दर वर्षी भेटतं.

पेशंट आला. बाकी नंतर.

---

प्रेषक: न्यूबरीकर

माझी चार माणसांची सर्व्हेची फर्म आहे. जमीन मोजतो, लेव्हल्स घेतो, पूर येणाऱ्या भागात घरं बांधणाऱ्यांना नकाशे करून देतो. गेली सहा वर्षं मी प्रत्येक मुलाला नाही म्हणत आलो. कारण पाठ होतं: डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) लागेल, वेगळा विमा लागेल, कागद लागतील. कुणी तपासायला सांगितलं नाही, मीही तपासलं नाही.

परवा हा मेल वाचून विमावाल्यांना फोन केला. दहा मिनिटांत काम झालं. कामगारांसाठी काढलेली एम्प्लॉयर्स लायबिलिटी पॉलिसी असतेच, वर्क एक्सपिरियन्सचा मुलगा तिच्यातच बसतो. १६-१७ वर्षांच्या मुलावर देखरेख करणाऱ्याची ती बार्ड लिस्टवाली (मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीची) तपासणी तर कायद्यानेच मागता येत नाही. पाचपेक्षा कमी माणसं असली तर रिस्क असेसमेंट लिहून ठेवायची सक्तीसुद्धा नाही. विचार मात्र करायचा. मी केला: मुलाला रस्त्याच्या कडेला उभं करायचं नाही, आणि टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राचा ट्रायपॉड एकट्याने उचलू द्यायचा नाही. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४०, त्याहून जास्त नाही. झाले कागद.

तेव्हा लिस्टवर ज्यांचे छोटे धंदे आहेत, अकाउंटन्सी, टिफिन, गॅरेज, इस्टेट एजन्सी, त्यांनी माझ्यासारखं पाठ केलेलं कारण एकदा फोन करून तपासावं.

माझ्याकडे जुलैत एक जागा आहे. अट एकच. मेल मुलाने लिहायचा. आईने नाही, बाबांनी नाही, आणि आईने लिहून मुलाच्या नावाने पाठवलेला तर मुळीच नाही. तो पहिल्या ओळीत ओळखू येतो. त्यात ‘पॅशनेट’ असा शब्द असतो.

---

प्रेषक: रेडिंगकर काका

न्यूबरीकर, शाबास.

माझा विषय थोडा वेगळा. परवा एका घरी जेवायला होतो. मुलगी म्हणाली, मला डिग्री अप्रेंटिसशिप करायची आहे. बाबांच्या हातातली पुरणपोळी तशीच राहिली. म्हणाले, ‘एवढं शिकवून अप्रेंटिस?’ त्यांच्या डोळ्यांसमोर आयटीआयचा निळा शर्ट आणि फाइल घासणारा फिटर. मी आयटीआय करून पिंपरीत अप्रेंटिसच होतो, आणि त्याच जोरावर पुढे इथे रेल्वे सिग्नलिंगमध्ये आयुष्य काढलं, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही तेव्हा बोललो नाही. पोळी गरम होती.

ही भानगड इथे २०१५पासून सुरू आहे. नोकरी पहिल्या दिवसापासून, पगार चालू, युनिव्हर्सिटीची डिग्री शेवटी मिळते आणि फी मुलाने भरायची नसते. मात्र अर्ज यूकॅसमधून जात नाही, तो थेट कंपनीकडे. जागा वर्षभर केव्हाही निघतात, मोठ्या कंपन्यांच्या पुष्कळदा इयर १३च्या शरद ऋतूतच, आणि चुरस अशी की बऱ्या युनिव्हर्सिटीत जागा मिळणं सोपं वाटावं. म्हणजे ‘मार्क कमी पडले तर अप्रेंटिसशिप’ हा हिशेबच उलटा आहे.

आणि टी लेव्हल, म्हणजे ए लेव्हलऐवजीचा कामाशी जोडलेला कोर्स, करणाऱ्या मुलांना कमी लेखू नका. त्यांना किमान ३१५ तास खऱ्या कामावर जावं लागतं. ए लेव्हलवाल्यांचा एक आठवडा त्यापुढे म्हणजे लग्नाला जाऊन फक्त अक्षता टाकून आल्यासारखं.

---

प्रेषक: मेडनहेडकर

काकांच्या मेलला एक पुरवणी. कुणी थेट बोलत नाही, म्हणून मीच लिहितो.

आपल्यापैकी बरेच जण अजून स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत, मुलं डिपेंडंट. मुलगा इथल्या शाळेत शिकला म्हणून इथलीच फी लागेल असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नाही. कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुतेक कोर्सना १ सप्टेंबरला, आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) हातात हवा आणि त्याआधीची ३ वर्षं इथे वास्तव्य हवं. नाहीतर ओव्हरसीज फी. इंग्लंडमध्ये होम फी २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड होती. ओव्हरसीज फी तिच्या दुप्पट-तिप्पट सहज होते, आणि स्टुडंट लोन नाही. आमचा आयएलआर नोव्हेंबरात येणार होता. दोन महिन्यांनी हुकलं. मुलीने एक वर्ष थांबून प्रवेश घेतला. त्या वर्षात तिने वेअरहाउसमध्ये काम केलं आणि खूश होती, पण ते वर्ष आम्ही ठरवून घेतलेलं नव्हतं.

दुसरी वाट आहे. १८ पूर्ण झालेल्या मुलाचं निम्मं आयुष्य या देशात गेलं असेल तर लाँग रेसिडन्सखाली होम फी मिळू शकते. आपल्यात दहा-बारा वर्षांचे होऊन आलेले पुष्कळ, त्यांना ती लागू होत नाही. अप्रेंटिसशिपच्या सरकारी निधीचे नियम मात्र निराळे आहेत: शिक्षणासाठी नसलेल्या व्हिसावर इथे ३ वर्षं राहिलेला मुलगा त्यात बसतो. कंपनी व्हिसाची मुदत विचारतेच, ते धरून चाला.

इयर १२चे पालक, आज रात्री व्हिसाच्या तारखा काढून बघा. युनिव्हर्सिटींचे ओपन डे नंतर.

---

प्रेषक: मंडळाचे चिटणीस

लिस्टवर एक तक्ता टाकला आहे. त्यात आपलं काम, गाव, आणि ‘मुलाशी अर्धा तास फोनवर बोलेन / एक दिवस दाखवेन / आठवडा घेईन’ यापैकी काय ते लिहा. आतापर्यंत १९ नोंदी झाल्या, त्यातल्या १४ आयटीच्या. ब्रॅक्नेलकर, हसू नका. पण एक भगिनी मृतदेहांचं शवविच्छेदन करणाऱ्या खात्यात आहेत, एक जण बसचं वेळापत्रक बसवतात, आणि एक गृहस्थ चीज चाखून दर्जा ठरवतात, हे बारा वर्षं शेजारी बसून वडापाव खाताना मला माहीत नव्हतं.

---

प्रेषक: वोकिंगहॅमकर (धाकटा)

न्यूबरीकर काका, नमस्कार.

मी हे मराठी कीबोर्डवर लिहितोय, आईला दाखवलं नाही. चुका असतील तर सॉरी.

मला नकाशे आवडतात. आमच्या मागे लॉडन नदी आहे. पाऊस झाला की शेतात पाणी येतं, पण प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतं. मी दोन हिवाळे फोटो काढलेत आणि ओएस मॅपवर (सरकारी नकाशा) पेन्सिलने लाइन काढल्या आहेत. काही लाइन मॅपवरच्या उंचीच्या कॉन्टूरशी मॅच होत नाहीत. मला कळत नाही की माझी चूक आहे की मॅप जुना आहे. तुमच्या मशीनने हे कळेल का?

मी ट्रेनने न्यूबरीला येऊ शकतो, रेडिंगला बदलून. ८ला पोहोचतो.

एक प्रश्न. साइटवर स्टील टोकॅपचे बूट लागतात असं वाचलं. माझा साइज ९ आहे. विकत घ्यायचे का?

---

प्रेषक: न्यूबरीकर

८ आणि १० आहेत, ९ नाहीत. १० घाल, जाड मोजे दोन. विकत घेऊ नकोस.

फोटो आणि तो मॅप घेऊन ये. पेन्सिलच्या रेघा खोडू नकोस.