गोळ्या अर्धवट का सुटतात

'टीबीच्या गोळ्या फुकट आहेत, तरी लोक मध्येच सोडतात, अडाणीपणा दुसरं काय', हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. बरं वाटू लागल्यावर गोळ्या सोडणारे आहेतच. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यात कोर्स तुटायचं मोठं कारण कोयता, म्हणजे ऊसतोड आहे. साधा टीबी असला तरी उपचार किमान 6 महिन्यांचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली जोडपी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. उचल आधीच खर्च झालेली, मग जायला नाही म्हणणार कसं?

आमच्या शेतात कामाला येणारा एक जण असाच उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात ऊसतोडीला गेला. तिकडच्या सरकारी दवाखान्यातून त्याला दोनदा परत पाठवलं, जुने कागद आणा म्हणून. फोनवर मला म्हणाला, "कारड घर राही गयं, भाऊ." त्याच्या म्हातारीकडून पत्र्याची पेटी उघडून घेतली, रेशनकार्डाच्या घडीत ते टीबीचं कार्ड सापडलं. फोटो मुकादमाच्या मोबाईलवर पाठवला, तेव्हा कुठे गोळ्या सुरू झाल्या. मध्ये 19 दिवस गेले ते गेलेच.

खरं तर निक्षय पोर्टलवरचा, म्हणजे टीबी पेशंटची नोंद होते त्या सरकारी वेबसाइटवरचा नंबर देशभर चालतो, त्यावरून पेशंट दुसऱ्या राज्यातही वर्ग करता येतो. ही गोष्ट पेशंटला कुणी सांगतच नाही. टीबी पेशंटला सरकारकडून मिळणारे आहाराचे महिना 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले, तेही बँक खात्यात. आणि खात्याचं पासबुक? त्याच पेटीत.