शाळेची बस गेली की चालायचं

बी-३०४: नमस्कार मंडळी. ७.१० ला मुलांची बस गेली की आपण सात-आठ पालक गेटपाशी बोलत उभे राहतो. उद्यापासून तेच बोलणं कंपाउंडला फेऱ्या मारत करू या का? बूट घालूनच खाली या. मी गेल्या वर्षी जिमची वर्षाची फी भरली आणि दीड महिन्यात सुटलं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागायचा, आणि घरात लहान मूल असलं की तो पहिल्याच तापात जातो. बस मात्र रोज येतेच.

ए-१०२: ताई, कल्पना छान, पण ८ ला माझा कॉल असतो. अर्धा तास नाही जमणार.

बी-३०४: मग दहाच मिनिटं चाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी एका वेळी किमान दहा मिनिटं सलग हवीत अशी अट होती, २०२० मध्ये तीही काढली. संध्याकाळी चार मजले जिन्याने चढलात तर तेही धरायचं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की झालं.

बी-७०३: २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. मी दोनदा २१ पूर्ण केले, दोन्ही वेळा सुटलं. माझ्यातच काही कमी आहे असं वाटायला लागलंय.

बी-३०४: दादा, अजिबात नाही! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांचा अभ्यास झाला होता. प्रत्येकाने खाणं, पिणं किंवा व्यायाम यातली एक गोष्ट रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायची, जसं नाश्त्यानंतर. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, कुणाला थेट २५४. मधला आकडा ६६. तुम्ही थांबलात तेव्हा निम्माही रस्ता झाला नव्हता. आणि एखादा दिवस चुकल्याने त्यांचं फारसं बिघडलं नाही. मुलगा आजारी पडला तर त्याच्यापाशी बसा, दुसऱ्या दिवशी या.

ए-४०६: मला यायचं आहे, खूप. पण हे रात्रपाळीहून ८ ला येतात आणि दीड वर्षाची छकुली तेव्हा जागीच असते.

सी-५०१: अगं, तिला माझ्याकडे दे. ७ ते ७.३० मी बाकावर पेपर वाचतच बसतो.

ए-४०६: काका, खरंच?

सी-५०१: खरंच. नातवंडं पुण्याला गेल्यापासून सकाळ फार मोठी वाटते.

ए-१०२: आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायामही हवेत ना? मंगळवार-शुक्रवार बाकावरून उठबस आणि भिंतीला टेकून जोर, मी घेते. पाच मिनिटांत होतं.

बी-७०३: पाऊस असला तर बी विंगची लॉबी. पार्किंगमध्ये नको, तेव्हाच गाड्या बाहेर निघतात.

ए-४०६: मग उद्या बाकापाशी येते. बाबागाडीचं एक चाक अडतंय, दादा. येताना तेलाची बाटली आणाल?

बी-७०३: आणतो.