‘१२ ब्रास’ पाणी की ‘१२ वाव’?

समुद्रफेस : एका प्रदर्शनासाठी जुन्या फ्रेंच सागरी नकाशांची माहिती मराठीत करते आहे. हरवलेल्या ला पेरूज या फ्रेंच दर्यावर्दीच्या शोधात १७९१ साली दॉंत्रकास्तो निघाला, त्याच्या मोहिमेत नकाशाकार बोतां-बोप्रेने काढलेला टास्मानियाचा किनारा. पाण्यात जागोजागी खोलीचे आकडे. हे माप फ्रेंचमध्ये ‘ब्रास’. मी ‘१२ ब्रास’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी वाळू-खडीचं माप समजून खोडलं. काय लिहू?

खाडीकाठ : ताई, सरळ ‘वाव’ लिहा. आमचे आजोबा शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि वर घेताना दोन्ही हात पसरून मोजायचे. फ्रेंच ‘ब्रास’सुद्धा हात या शब्दावरूनच आलाय. जिवंत शब्द असताना उसना कशाला?

मोजपट्टी : घाई नको. फ्रेंच ब्रास ५ फ्रेंच फुटांचा, म्हणजे सुमारे १.६२ मीटर. कोशात वाव म्हणजे फॅदम, ६ इंग्रजी फूट, १.८३ मीटर. दहा ब्रासला दोन मीटरचा फरक! त्या काळचे फ्रेंच रेखांशही पॅरिसपासून मोजलेले, ग्रिनिचच्या २ अंश २० मिनिटं पूर्वेला. ते आपण बदलतो का? मग मापही बदलू नये.

खाडीकाठ : आजोबा आणि काका यांच्या वावांतही वीतभर फरक पडायचा. म्हणून शब्द खोटा ठरत नाही. ‘फ्रेंच वाव’ म्हणा आणि खाली मीटर द्या.

जुनीवही : वाव मुळात संस्कृत ‘वापी’वरून, वापी म्हणजे विहीर. गुजरातेत पायऱ्यांची विहीर म्हणजे वाव. विहिरीची खोली मोजता मोजता माप झालं.

शब्दवेडी : नाही हो काका. विहिरीची वाव वापीवरून, मापाचा वाव संस्कृत ‘व्याम’वरून. व्याम म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर. ‘सुधारणेला वाव आहे’ यातही तीच हात पसरायला मोकळी जागा, असं मला ठामपणे वाटतं.

जुनीवही : पटलं नाही. शिवाय ‘नकाशा’ तरी कुठे आपला, तो अरबी. ‘सागरालेख’ लिहा.

डोलकाठी : मी तीस वर्षं जहाजावर काढली, आम्ही चार्टच म्हणतो. नकाशा बघायचा असतो, चार्टवर पेन्सिलीने मार्ग आखायचा असतो. ‘सागरालेख’ कोणत्या खलाशाला कळेल?

समुद्रफेस : ‘सागरी नकाशा’ कायम ठेवतेय. पण खोलीच्या आकड्यांशेजारी तळ कसला तेही लिहिलेलं असतं. ‘साब्ल’ म्हणजे वाळू, हे कळलं. ‘वाझ’ला चिखल म्हणू की गाळ?

खाडीकाठ : शिशाच्या बुडाला चरबी लावून सोडलं की तळाचं जे असेल ते चिकटून वर येतं. आजोबा ते बोटांत चोळून बघायचे. मऊ लागलं की म्हणायचे, रेंदा.

मोजपट्टी : रेंदा गटारातला. समुद्रात गाळ.

खाडीकाठ : खाडीत उतरून बघा एकदा, मग सांगा.